पेट्या वाटल्या म्हणून फुलं येत नाहीत

दर वर्षी 20 मे, म्हणजे जागतिक मधमाशी दिन जवळ आला की कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर आइन्स्टाइन अवतरतो. 'मधमाश्या नाहीशा झाल्या तर माणसाला चारच वर्षं उरतील' हे त्याच्या नावावरचं वाक्य, वर माशीचा फोटो, खाली हात जोडलेले. तासाभरात कुणीतरी शेतकऱ्याचं पोरगं उत्तर टाकतं, "आमच्या उसाला कुठली माशी लागतीय? कांडी टाकली की उगवतोय." मग एकीकडून 'निसर्गाचे वैरी' आणि दुसरीकडून 'एसीत बसून शेती शिकवू नका' अशी जुंपते. शेवटी एखादा समंजस गृहस्थ अनुदानावरच्या मधपेट्यांची बातमी टाकतो आणि विषय मिटतो. माझं म्हणणं असं की हे तिघेही भलत्याच ठिकाणी भांडताहेत. कोल्हापूर जिल्ह्यात मधमाशीचा प्रश्न फुलांचा आहे. म्हणजेच बांधाचा, तणनाशकाचा आणि फवारणीच्या वेळेचा. मध, पेट्या आणि मानवजातीचा अंत या तिन्ही गोष्टी त्यानंतर येतात, आणि तिसरी तर येतच नाही.

आधी आइन्स्टाइनचा निकाल लावू. तो 1955 मध्ये वारला. हे वाक्य त्यानं कुठं लिहिल्याचा वा बोलल्याचा पुरावा नाही. ते गाजलं 1994 मध्ये, ब्रसेल्समधल्या मधपाळांच्या आंदोलनात वाटलेल्या पत्रकांमुळे, आणि त्या आंदोलनाची तक्रार बाहेरून येणाऱ्या स्वस्त मधामुळे भाव पडतो ही होती. म्हणजे भांडण दराचं होतं. ऊसदरासाठी दर हंगामाच्या तोंडावर रस्त्यावर उतरणाऱ्या जिल्ह्याला यात हसण्यासारखं काही वाटू नये. दराची लढाई प्रामाणिक असते. पण तिच्यातली घोषणा विज्ञान म्हणून फिरवली की नुकसान होतं. समोरचा माणूस ती पहिल्याच फटक्यात खोटी ठरवतो आणि तिच्याबरोबर खरी गोष्टही कचऱ्यात जाते.

कारण उसाचा दाखला देणारं ते पोरगं बरोबर बोलतंय. ऊस कांडीपासून येतो, बियांपासून नाही. त्याला तुरा येतो तेव्हा पराग वाऱ्यावर जातो, आणि शेतकऱ्याला तर तो तुरा नकोच असतो, कारण तुऱ्यानंतर कांडी पोकळ पडायला लागते. भात, सोयाबीन, भुईमूग यांचं परागीभवन बहुतेक फुलातल्या फुलातच होतं. मका, ज्वारी वाऱ्यावर भागवतात. जगाचा हिशेबही त्याच्याच बाजूनं झुकतो. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात जगातली 115 प्रमुख पिकं तपासली होती. त्यातल्या 87 पिकांना कीटकांच्या किंवा इतर प्राण्यांच्या परागीभवनाचा कमी-अधिक फायदा होतो, हे वाक्य सगळे सांगतात. त्याच आढाव्यातलं दुसरं वाक्य कुणी सांगत नाही: वजनानं मोजलं तर जगाचं साधारण 60 टक्के अन्न अशा पिकांतून येतं ज्यांना या मदतीची गरजच नाही. तेव्हा मधमाशी गेली म्हणून कोल्हापूरकर उपाशी मरणार नाही. भात राहील, भाकरी राहील, गूळही राहील.

मग उरलं काय? उरली ती भाजी, फळं, तेलबिया, मसाले आणि बी-बियाणं. आणि पोटापेक्षा खिशाचा विचार केला तर शेतकऱ्याचा नगदी पैसा. उसाचं बिल यायला महिने लागतात. आठवड्याला हातात पैसा येतो तो शिरोळ-हातकणंगल्यातल्या कारल्याचा, काकडीचा. या वेलवर्गीय पिकांत नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं. मादी फूल पहाटे उमलतं आणि दुपार व्हायच्या आत त्याचा कारभार आटोपतो. तेवढ्या चार-पाच तासांत नर फुलावरचा चिकट पराग कुणीतरी उचलून मादी फुलावर नेऊन ठेवायचा, तोही एकदा नेऊन भागत नाही. कलिंगडाच्या फुलावर माशीच्या आठ-दहा फेऱ्या झाल्या तर फळ नीट भरतं. पराग कमी पडला तर आत बिया एकाच बाजूला धरतात, आणि जिकडे बिया नाहीत तिकडे गर वाढत नाही. देठाकडे जाड आणि शेंड्याकडे चिंबलेली, कोयत्यासारखी वाकलेली काकडी मार्केट यार्डात बाजूला काढून ठेवलेली असते ना, तिच्यातल्या बऱ्याच काकड्यांची गोष्ट ही असते. शेतकरी दुकानात जातो आणि दुकानदार त्याला सूक्ष्म अन्नद्रव्याची पुडी देतो. कधी दोष खताचाही असतो, नाही असं नाही. पण वेलावर सकाळी आठ वाजता माशी दिसत होती का, हे विचारणारा दुकानदार मी तरी पाहिलेला नाही.

सूर्यफुलाचं तर आपल्या कृषी खात्यानंच कबूल करून टाकलंय. पीक फुलोऱ्यात असताना सकाळी सात ते अकराच्या दरम्यान तळहाताला पातळ कापड गुंडाळून प्रत्येक फुलावरून हळुवार हात फिरवावा, अशी शिफारस पीक-पुस्तिकांत वर्षानुवर्षं छापली जाते. का? तर दाणे पोचट राहू नयेत म्हणून. एकरभर सूर्यफुलाच्या प्रत्येक तबकडीवरून बाईमाणसानं हात फिरवत जायचं, आणि तेही एकदा नाही, दर दोन-तीन दिवसांनी. ही शिफारस वाचून मला कायम वाटत आलंय की माशीच्या मजुरीचं बिल आपल्याकडे अधिकृतरीत्या काढलेलं आहे, फक्त ते कुणी वाचत नाही.

इथं आधुनिक मंडळींचा मुद्दा येतो, आणि तो हलका नाही. ते म्हणतात, पॉलिहाऊसमधली काकडी परागाशिवाय धरते, तशाच जाती काढल्यात. उद्या सगळ्याच पिकांच्या निघतील. आणि नाहीच निघाल्या तर माणूस आहे. 1841 मध्ये रियुनियन बेटावर एडमंड ॲल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम पोरानं काडीनं व्हॅनिलाचं फूल फळवायची युक्ती काढली. आजही व्हॅनिला बहुतेक ठिकाणी तसाच हातानं फळवतात. मुद्दा मान्य. पण म्हणूनच व्हॅनिला जगातल्या सर्वांत महाग मसाल्यांपैकी एक आहे. जालना-बुलढाण्याच्या पट्ट्यात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं संकरित बियाणं तयार होतं, तिथं बायका एकेका फुलाचे पुंकेसर चिमट्यानं काढतात आणि एकेका फुलाला पराग लावतात. त्या बियाण्याच्या पाकिटाची किंमत आपण मोजतोच. परागाविना धरणाऱ्या काकडीला बी नसतं. मग तिचं बियाणं कुठून येतं? कुठंतरी, कुणाच्या तरी हातानं किंवा माशीच्या पायानं पराग पोचवूनच ना? मलेशियात तेलमाडाच्या, म्हणजे पाम तेलाच्या झाडांच्या, मळ्यांत मजूर लावून परागीभवन करत. 1981 मध्ये कॅमेरूनमधून एक भुंगेरा आणून सोडला आणि ते मजूर लागेनासे झाले. एवढ्या मोठ्या भांडवली मळ्यांनासुद्धा कीटक माणसापेक्षा स्वस्त पडला. आणि आमच्याकडे भांगलणीला, म्हणजे खुरपणीला, बाई मिळेना म्हणून ओरड आहे. फुलाफुलावर ब्रश फिरवायला कोण मिळणार?

व्यवहारी माणसं कीटकाला हसतात याचा एक जुना किस्सा कॅलिफोर्नियातला आहे. तिथल्या बागायतदारांनी 1880 च्या दशकात तुर्कस्तानातून स्मर्ना अंजिराची कलमं आणली. झाडं जोमदार आली, पण फळ धरायचं आणि गळायचं. तुर्की शेतकरी रानअंजिराची फळं दोरीला ओवून बागेतल्या झाडांवर टांगतात, त्यातून एक बारीक गांधीलमाशी येते आणि तीच अंजीर फळवते, असं एका जाणकारानं सभेत सांगितलं तेव्हा बागायतदारांनी त्याची टर उडवली. अडाण्यांची समजूत म्हणे. पुढं 1899 मध्ये ती बारीक माशी आणून सोडली आणि अंजीर टिकू लागलं. यातली गंमत अशी की हसणारे लोक मूर्ख नव्हते. ते उत्तम बागायतदार होते, पाणी-खत-छाटणीत तरबेज होते. पण आपण ज्याचे पैसे देत नाही ते काम होतंय हेच त्यांना दिसत नव्हतं. उसात जन्म काढलेल्या आपल्या माणसाचं याहून वेगळं काय आहे? जे पीक आपण सर्वांत चांगलं ओळखतो त्याला माशी लागत नाही, म्हणून शेतीला माशी लागत नाही.

आता पेट्यांकडे वळू, कारण सरकार, स्वयंसेवी संस्था आणि कंपन्यांचे सामाजिक जबाबदारीचे (सीएसआर) विभाग या तिघांचंही पेटीवर एकमत आहे. पेटीचा फोटो चांगला येतो, आकडा सांगता येतो. पेटीच्या बाजूनं बोलण्यासारखंही पुष्कळ आहे. भुदरगड तालुक्यातलं पाटगाव 'मधाचं गाव' झालं, तिथल्या घरांना जोडधंदा मिळाला, मधासाठी मोहोळ जाळण्याऐवजी माशी पाळायची रीत रुळली. हे काम चांगलंच आहे. पण पाटगाव कुठं आहे ते नकाशावर बघा. सह्याद्रीच्या कुशीत, जंगलाला लागून. तिथली सातेरी, म्हणजे पेटीत पाळतात ती देशी मधमाशी, पेटीतून निघाली की तिला जांभूळ आहे, हिरडा आहे, ज्या वर्षी कारवी फुलते त्या वर्षी कारवी आहे. मध तिथल्या झाडोऱ्याचा आहे, पेटी हे नुसतं भांडं. तेच भांडं उचलून शिरोळच्या उसात ठेवलं तर?

हिशेब करून पाहू. सातेरी माशी चाऱ्यासाठी साधारण एक-दीड किलोमीटर जाते. एकच किलोमीटर धरला तरी पेटीभोवतीच्या त्या वर्तुळात पावणेआठशे एकर रान येतं. पंचगंगेकाठी असे पावणेआठशे एकर सहज सापडतील ज्यात ऊस, खोडवा (तोडलेल्या उसाचा फुटवा) आणि पुन्हा ऊस याखेरीज काही नाही. उसाच्या फडात सातेरी खाणार काय? पावसाळ्यात पेटीला साखरेचा पाक पाजावा लागतो हे प्रत्येक मधपाळाला ठाऊक असतं. इथं तो जवळपास वर्षभर पाजावा लागेल. म्हणजे ज्या उसानं फुलं हटवली त्याच उसाची साखर विकत घेऊन माशी जगवायची.

आणि साखरेनं भागतही नाही. उन्हाळ्यात कोल्हापुरातल्या कुठल्याही रसवंतीवर जा. चरकातून निघालेल्या चिपाडाच्या ढिगावर, गाळणीच्या कडेला, ग्लासाच्या काठावर माश्या घोंगावत असतात. गुऱ्हाळावर काहिलीच्या साईत अडकून मेलेल्याही दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, चंगळ आहे हिची. नीट पाहा: फुलावरून परतणाऱ्या माशीच्या मागच्या पायांवर पिवळे, नारिंगी, कधी करडे असे परागाचे दोन गोळे असतात. चिपाडावरची माशी रिकाम्या पायांनी उठते. उसाच्या रसात साखर आहे, उडायला लागणारं इंधन आहे. पण पोळ्यातल्या अळ्या वाढायला प्रथिनं लागतात आणि ती माशीला फक्त परागातून मिळतात. कामकरी माशीचं आयुष्य धावपळीच्या हंगामात सहा आठवड्यांच्या आसपास असतं. नवी पिढी निघाली नाही तर रसाचा समुद्र असूनही पोळं दोन महिन्यांत ओस पडतं. इंधन मुबलक आणि बाळसं नाही, अशी या जिल्ह्यातल्या माशीची गत आहे.

पेटीचा दुसरा तोटा कमी बोलला जातो. पेटी म्हणजे एक किंवा फार तर दोन जातींवर सगळा भरवसा. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूनं दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती झपाट्यानं संपवल्या; पेट्या होत्या, माशी नव्हती. शिवाय काही फुलं मधमाशीला जमतच नाहीत. कृष्णाकाठच्या वांग्याचं उदाहरण घ्या. वांग्याच्या फुलातले परागकोश नळीसारखे असतात आणि टोकाला बारीक भोक असतं. मीठदाणी हलवल्याशिवाय मीठ पडत नाही तसा तिथला पराग थरथर दिल्याशिवाय सुटत नाही. ती थरथर देतो काळा भुंगा: फुलाला मिठी मारतो, पंख न हलवता छातीचे स्नायू घुमवतो, आवाज क्षणभर चढतो आणि परागाचा धुरळा त्याच्या पोटावर पडतो. मधमाशीला ही कला येत नाही. वांगं स्वतःच्या परागावरही काही प्रमाणात धरतं, पण भुंगा आला तर फळ जास्त धरतं. आता या भुंग्याला पेटी देऊन बघा! त्याला हवा असतो वाळका बांबू, कुजकं खोड, मोडका वासा. आपण बांधावरचं वाळकं खोड जळणाला नेतो किंवा पेटवून देतो.

तर बांध. आजोबांच्या काळच्या बांधावरून बैलगाडी जायची, निदान म्हशी चरायच्या. वाटण्या झाल्या, भावाभावांनी दोन्हीकडून बांध कोरला, आणि आज अनेक ठिकाणी तो दोन पावलं ठेवण्यापुरता उरलाय. त्यावर करंज, निर्गुडी, बोर, शेवगा असायचा. खाली कुर्डू, केना, एकदांडी, रानतुळस. या सगळ्याला आपण तण म्हणतो, आणि फडाच्या आत ते तणच आहे, याबद्दल वाद नाही. पण वर्षभर आळीपाळीनं फुलणारी एवढी एकच जागा या सपाटीत शिल्लक होती. आता ग्लायफोसेट या तणनाशकाचा एक पंप मारला की बांध तांबूस, तुळतुळीत. फडात टू-फोर-डी हे दुसरं तणनाशक मारलं की रुंद पानाचं सगळं जातं, म्हणजे नेमकं फुलणारंच जातं. शेतकऱ्याची बाजू मला ठाऊक आहे: भांगलायला माणूस मिळत नाही, मिळालं तर परवडत नाही. फडातल्या तणनाशकाविरुद्ध मी बोलणारच नाही. माझा प्रश्न फक्त बांधाचा आहे. जिथं पीक नाही तिथं तणनाशक मारून पिकाचा कोणता फायदा होतो? उंदीर लपतात, साप निघतात, शेजारी हसतो, ही उत्तरं मी ऐकलीत. पहिल्या दोहोंत तथ्य आहे. गुडघाभर वाढलं की कापावं. तिसऱ्याला इलाज नाही.

फवारणीचंही असंच. युरोपीय संघानं 2018 मध्ये इमिडाक्लोप्रिडसह तीन निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. आपल्याकडे ते लगेच बंद करा असं म्हणणं सोपं आहे. मावा-तुडतुड्यांना पर्याय काय, याचं परवडणारं उत्तर हातात असल्याखेरीज मी ते म्हणणार नाही. पण वेळ बदलायला एक पैसा लागत नाही. काकडी-कारल्याची फुलं पहाटे उमलतात, माशी सकाळी येते, आणि आपला माणूस ऊन चढायच्या आत म्हणून बरोब्बर त्याच वेळी पंप पाठीवर घेतो. तीच फवारणी संध्याकाळी पाचनंतर केली तर औषध तेच, खर्च तोच, आणि माशी घरी गेलेली. विजेच्या वेळापत्रकामुळे रात्रीबेरात्री पाणी पाजणाऱ्या शेतकऱ्याला संध्याकाळची फवारणी अशक्य आहे असं म्हणणं मला पटत नाही.

राहता राहिलं आग्या मोहोळ. पाण्याच्या टाकीखाली, उंच इमारतीच्या सज्जाखाली ते लागलं की पलिता लावणारे आणि 'मोहोळ वाचवा' म्हणणारे अशी दुसरी लढाई सुरू होते. इथं घाबरणाऱ्यांची बाजू खोटी नाही. आग्याचा थवा माणसाचा जीव घेऊ शकतो. शाळेच्या दारात मोहोळ असेल तर ते हलवावंच लागेल. पण आग्या स्थलांतर करणारी माशी आहे, फुलोरा सरला की ती स्वतःच उठून जाते. बहुतेक ठिकाणी काही महिने खालचा रस्ता दोरी लावून अडवणं पुरतं. रात्री टेंभा लावून हजारोंनी जाळणं हा सगळ्यात स्वस्त वाटणारा उपाय आहे, एवढंच.

हे सगळं करायचं कोणी? सरकारी योजनेची वाट बघायची तर पुन्हा पेट्याच येतील. या जिल्ह्यात प्रत्येक बांधापर्यंत पोचणारी यंत्रणा एकच आहे, आणि ती साखर कारखान्यांची. कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे शेतावर फिरणारा कर्मचारी, प्रत्येक प्लॉट ओळखतो, ऊस नोंदीसाठी सर्व्हे नंबरासकट तिथं जातो. कारखाने बेणं देतात, खत उधारीवर देतात, हुमणी या किडीविरुद्ध मोहिमा राबवतात. त्यांच्याच शेती विभागानं नोंदीच्या वेळी सभासदाला शेवग्या-करंजाची दोन-चार रोपं आणि कारळ्याचं पावशेर बी द्यायला काय हरकत आहे? कारळ्याला स्वतःचा पराग चालत नाही, त्याला माशी लागतेच, आणि पावसाळा सरताना तो फुलतो तेव्हा माशीला दुसरं फारसं काही नसतं. हिवाळ्यात लागण केलेल्या 'सुरू' उसात कोथिंबीर, कांदा घेणारे शेतकरी आहेतच. त्यातला कोथिंबिरीचा एखादा वाफा फुलावर सोडला तर धणेही मिळतात. उसाला याचा फायदा शून्य आहे, हे कारखान्याच्या सभेत कुणीतरी उठून म्हणेलच. तो सभासद कडेच्या दहा गुंठ्यांत काकडी लावतो का, एवढं अध्यक्षांनी त्याला विचारावं.